पाडव्याचं तेल, दसऱ्याची पुरी

"दसऱ्याच्या पंगतीला पाडव्याच्या घाण्याचंच तेल हवं! खवट निघालं, तर बैलाच्या जागी तुलाच घाण्याला जुंपीन!" राजा रणधवल गरजला.

म्हादबा तेल्याने कपाळाला हात लावला. करडईचं तेल! भर उन्हाळ्यात महिनाभरात वास मारतं, ते सहा महिने टिकवायचं? बापाला दिलेली धमकी ऐकून मागे उभी असलेली त्याची लेक बयजा संतापली.

"मी टिकवते, महाराज! पण निम्मं तेल माझ्याकडे, निम्मं तुमच्या कोठावळ्यांकडे. हरले तर बापासोबत मलाही जुंपा."

राजाची कोठी सांभाळणारे आबाजी कोठावळे फिदीफिदी हसले. "पोरी, आमचा थाट दरबारी असतो!" त्यांनी तेल तांब्याच्या लखलखीत हंड्यात ओतलं, सगळ्यांना दिसावं म्हणून उन्हाच्या सज्जात उघडंच ठेवलं आणि तापू नये म्हणून दोन सेवक वारा घालायला बसवले!

बयजाने तेलात थोडं तिळाचं तेल मिसळलं, कढीपत्त्याची वाळलेली पानं टाकली. काळी बरणी काठोकाठ भरून तोंड मेणाने बंद केलं, वर राजाची मोहोर घेतली आणि बरणी अंधाऱ्या फडताळात ठेवली. मग सहा महिने तिचा जीव टांगणीला!

दसरा उजाडला. हंड्याजवळ जाताच राजाने नाकाला शेला लावला.

"कोठावळे, यात उंदीर मेलाय का?"

"छे, महाराज! हा तर मुरलेल्या तेलाचा दरवळ!"

"मग घ्या घोटभर!"

कोठावळ्यांनी घोट घेतला. त्यांचं तोंड पाहून पंगत पोट धरून हसली.

मग बरणीची मोहोर फोडली. पुऱ्या तळल्या. राजाने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी मागितली!

"काय जादू केलीस?"

"जादू कसली? हवेने तेल खवटतं. तीळतेल आणि कढीपत्ता हवेचा मारा आधी आपल्या अंगावर घेतात, म्हणून तेल वाचतं."

"मग आमचं तेल कुणीच कसं वाचवलं नाही?" राजाने डोळे वटारले.

"इथे सगळे हवा घालणारेच, महाराज! अंगावर घेणारा एकही नाही. तेलाचं बरं आहे, हवा लागली की वास तरी येतो. डोक्यात हवा गेली, तर तेवढाही येत नाही!"

म्हादबाने डोळे मिटून घेतले.

आणि राजा खदाखदा हसत सुटला! हसता हसताच त्याने कोठावळ्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून बयजाच्या हाती दिला. म्हादबाला खिलारी बैलांची जोडी मिळाली.

"आणि हा हंडा," डोळे पुसत राजा म्हणाला, "कोठावळ्यांच्या घरी पोचवा. दिवाळीचा फराळ यातच तळा म्हणावं!"