दसऱ्याचं कुंकू

आठ वर्षांची जुनी गाडी पोसता पोसता जळगावच्या शैलजाताई नाफडे मेटाकुटीला आल्या होत्या. विमा, पेट्रोल आणि टायर कसेबसे निस्तरले, की सर्व्हिसिंग आ वासून उभं. सर्व्हिस सेंटरचा टायवाला मॅनेजर दर खेपेला काहीतरी बदलायचा, आणि काय बदललं ते विचारलं की हसायचा.

यंदा दसऱ्याला शैलजाताईंनी गाडीची पूजा बोनेट उघडून केली. तेलात कालवलेलं कुंकू बॅटरीला लावलं, डबा उघडून आतल्या फिल्टरलाही लावलं. नवरा हसला, तर त्यालाही हसू दिलं.

आठवड्याने गाडी सर्व्हिसिंगला गेली. संध्याकाळी मॅनेजरने बिल पुढे सरकवलं. "बॅटरी, फिल्टर, ब्रेक, सगळं नवं टाकलंय. तुम्हाला यातलं कळायचं नाही, मॅडम."

शैलजाताईंनी बोनेट आणि फिल्टरचा डबा उघडायला लावला. दोन्हीकडे कुंकू जसंच्या तसं होतं.

"नव्या मालाला माझं दसऱ्याचं कुंकू कसं हो?"

मॅनेजर चाचरला. "आमची पोरं नवा पार्ट कुंकू लावूनच बसवतात."

"चांगलंय की. मग काढलेले जुने पार्ट आणा. माझं कुंकू त्यांच्यावर असेल."

जुने पार्ट काही आले नाहीत. मॅनेजरने बॅटरी आणि फिल्टर बिलातून खोडले.

"ब्रेकलाही लावलंय बरं का," शैलजाताई म्हणाल्या. "चाक काढायला सांगता?"

त्याने ब्रेकवरही काट मारली.

दसऱ्याला शैलजाताईंचा हात ब्रेकपर्यंत पोचलाच नव्हता.