झाडून काढलेली वाडी

फार मागं डोंगराच्या पायथ्याला मंजुळी नावाची ससीण, तिची चार पिल्लं आणि मातीखाली गांडूळबुवा राहत होते. मंजुळीच्या वाडीला दार नव्हतं. माकडानं यावं, साळिंदरानं यावं, वाल-काकडी पोटभर खावी. मातीवर मात्र सदा वीतभर पालापाचोळा पसरलेला असे.

एकदा मंजुळी पिल्लांना घेऊन माहेरी गेली. वाडीत येणाऱ्या या पाहुण्यांना वाटलं, लेकुरवाळी बाई, झाडलोट करणार कधी? त्यांनी मायेनं सगळा पाला झाडून ओढ्यात लोटला. मंजुळी परतली, तर वाडी अंगणासारखी लख्ख!

"कशी दिसते गं?" म्हाताऱ्या माकडानं ऐटीत विचारलं.

मंजुळीला उघड्या मातीची काळजी वाटली. पण एवढ्या हौसेनं केलेलं, नावं कशी ठेवायची? "छान," ती म्हणाली.

ऊन तापलं, माती भेगाळली. "पोरी, वर अंग भाजतं गं," म्हणत गांडूळबुवा खोल निघून गेले. वेल करपले. खायला काही उरलं नाही, तसे पाहुणेही फिरकेनासे झाले. धाकटं पिल्लू भुकेनं कान टाकून पडलं, डोळे उघडेना.

तेव्हा मंजुळी माकडाच्या झाडाखाली जाऊन रडली. "मामा, तो पाला मातीचं पांघरूण होतं हो. उघडी पडली आणि मेली ती."

"अगं वेडाबाई, मग त्याच दिवशी माझे कान का नाही उपटलेस?"

माकडानं सगळ्या पाहुण्यांना हे सांगितलं, आणि त्या दिवसापासून जो येई, तो पिल्लांसाठी कोवळा चारा आणि मातीसाठी ओंजळभर पाला घेऊन येई. हळूहळू गांडूळबुवा वर आले. वालाची पहिली शेंग धाकट्यानं कुरतडली, आणि मंजुळीच्या घरी पुन्हा कुणी उपाशी निजलं नाही.