देठाचा काळा दोरा

त्या राज्यात जन्माआधी प्रत्येकाला मांडवाला उलटं लटकावं लागे, आणि लटकताना काय काय झालं ते खाली उतरल्यावर कोणालाही आठवत नसे. दोडकेबुवांनासुद्धा नाही, आणि ते तर अख्ख्या मांडवाचे वडीलधारे.

फूल गळून बोटाएवढं फळ धरलं की बुवांनी त्याच्या देठाला नजरेचा काळा दोरा बांधायचा, हा तिथला रिवाज. तोही करकचून, सैल दोऱ्यातून नजर आत शिरते, हा शोध बुवांचाच. देठ पुढे जाड होतो, दोरा तेवढाच राहतो, पण इतका बारीक विचार करायला बुवांना सवड कुठली? दिवसभर गाठी मारायच्या असत. बहुतेकांचे दोरे ऊनवाऱ्यात कुजून गळत. तुंबीचा गळला नाही.

ही तुंबी दुधीच्या कुळातली. तिच्या देठातून रस येई तो थेंबाथेंबानं, तोही रुसत रुसत. मग तिनं आतल्या आत काटकसर मांडली. आधी बिया. उरलं तर गर. सालीला काय, खरवड. आणि सगळ्या दारांना कड्या घालून टाकल्या: आलेला थेंब बाहेर जाता कामा नये.

ती उतरली तेव्हा मुठीत मावेल एवढी होती.

"वेलीनंच धड खाल्लं नसणार," पडवळकाका म्हणाले. त्यांच्या शेपटीला ते सरळ वाढावेत म्हणून दगड बांधलेला, तरी तोंड वाकडंच.

"बिचारीला गुळाचं पाणी पाजा!" बुवांनी फर्मावलं. सगळ्यांनी पाजलं. वर्षभरात तुंबी टम्म झाली. "बघा, कसर भरून निघाली!" म्हणून मांडवाखाली टाळ्या पडल्या.

कड्यांची आठवण मात्र कोणालाच नव्हती. आलेलं गोड आत साठू लागलं, जागा अपुरी, साल पातळ. तुंबीला एका जागी चैन पडेना. सारखी तहान, सारखी कूस बदलायची, कानाशी रस ठणठणायचा. बरोबरीच्या काकड्या अजून उड्या मारत होत्या, तेव्हा हिच्या मानेतून गोड पाणी पाझरू लागलं आणि मागे मुंग्यांची रांग लागली.

"तुझी वरात चालली वाटतं?" कारलीमावशी खिदळली.

"जिभेला लगाम नाही," बुवांनी निदान केलं. तुंबी अर्धपोटी राहू लागली. मुंग्या काही हटल्या नाहीत.

पुढे तिच्याच पोटातल्या बीतून वेल फुटली, मांडवावर चढली, आणि एके सकाळी वेलीला बोटाएवढं फळ धरलं. बुवा दोरा घेऊन हजर. तो काळा दोरा दिसताच तुंबीची मान आवळल्यासारखी झाली. का, ते तिलाच कळेना.

"नका बांधू, बुवा."

"वेडी की काय? तुलाही बांधला होता. म्हणून तर वाचलीस!"

बुवांनी गाठ मारली आणि ऐटीत निघून गेले.

तुंबी वळवळत कारलीमावशीकडे सरकली. "मावशी, माझ्या मानेकडे बघ गं. वाळका देठ आहे ना, तिथे."

"तिथे तर मुंग्या आहेत."

"त्यांच्याखाली बघ."

मावशीनं थट्टेनं फुंकर मारून मुंग्या उडवल्या, आणि वाकून बघितलं. देठ वर जाड होता, खाली काडीसारखा. मधल्या खाचेत काळा धागा रुतलेला, अजून.

"मला चढवत नाही," तुंबी म्हणाली. "तुझी पाठ खरबरीत आहे."

"जन्मभर हिणवलंत सगळ्यांनी माझ्या पाठीला," मावशी पुटपुटली. पण चढली. नव्या फळाच्या कोवळ्या देठाला धक्का लागू न देता, गाठीवर पाठ टेकवून ती घासत राहिली, दम लागेपर्यंत.

तुंबी खालून टक लावून बघत होती. दोऱ्याच्या वरच्या अंगाला रसाचा एक थेंब अडून थरथरत होता.

दोरा तुटला. थेंब सरकला, देठातून खाली गेला, आणि त्याच्यामागून दुसरा.

खाली मुंग्यांनी मोडलेली रांग पुन्हा धरली, आणि त्या तुंबीच्या मानेकडे चालू लागल्या.