बाटलीची कुस्ती

"पण वस्ताद, दुखापत बरी करणारं औषध घेतलं, तर त्यात पाप काय?"

तेजपाल मगदूमनं हे विचारलं तेव्हा बाबालाल वस्ताद तालमीच्या उंबऱ्यावर बसून लिंबं पिळत होते. कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक पडलं होतं, तेल पडलं होतं. लिंबं तेवढी राहिली होती.

"पाप कोण म्हणालं?"

"तुमचं तोंड म्हणतंय."

"माझं तोंड लिंबामुळं तसं झालंय."

तेजपालला हसायचं नव्हतं. उजवा हात गळ्यात अडकवलेला. डाव्या मुठीत अंगठ्याएवढी काचेची बाटली, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. यात्रेच्या मैदानातली शेवटची, मानाची कुस्ती त्याची ठरली होती. मैदान तोंडावर आलं आणि सरावात खांद्याची शीर दुखावली.

कॉलेज केलेला हा तालमीतला पहिलाच पैलवान. समजावून सांगायची त्याला हौस होती.

"ह्याला पेप्टाइड म्हणतात. आपल्या अंगात प्रथिनं असतात ना, तसल्यांचाच एक बारीक तुकडा. सुईनं टोचायचा. फाटलेल्या शिरा सांधतो."

"कुणाच्या सांधल्या?"

"...उंदरांच्या."

"मग उंदरं आता झकास लढत असतील."

"चेष्टा नका करू, वस्ताद. माणसंही घेतात. उत्तरेकडचे पैलवान घेतात. जिममधले घेतात. सगळे बरे झाले."

"टोचून घेतल्यावर ती मान्सं काय करीत हुती?"

"काय करणार? खांदा धरून विश्रांती घेत पडली होती घरात."

"हूं..."

वस्तादांनी पुढचं लिंबू उचललं. आपण काय बोलून गेलो ते तेजपालच्या ध्यानात जरा उशिरानं आलं. तो खाली बघायला लागला.

"खांदा बघून डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"त्या घाबरट आहेत. म्हणाल्या, माणसांवर नीट चाचण्याच झालेल्या नाहीत. सरकारनं औषध म्हणून मंजूर केलेलं नाही. बाटलीत खरंच काय आहे ते कुणी तपासत नाही. शिवाय खेळाडूंना बंदी आहे म्हणे. विश्रांती घे आणि सांगते ते व्यायाम कर, एवढंच त्यांचं."

"म्हंजे कुस्ती निकाली न्हाई झाली."

'निकाली' हा शब्द तालमीत पोरगं लंगोट बांधायच्या आधी शिकतं. एकाची पाठ मातीला लागली आणि पंचांनी ती डोळ्यांनी बघितली, तर कुस्ती निकाली. नाहीतर हलगी किती का वाजेना, धुरळा किती का उडेना, निकाल नाही तो नाहीच.

"निकाली नाही," तेजपाल म्हणाला, "पण जिंकत आलीय."

"पंचांनी हात वर केला?"

"अजून नाही."

"मग फेटा कुणाला बांधतुयास?"

तेजपालनं बाटली मुठीत फिरवली. आतली पूड इकडून तिकडं सरकली.

"तिच्यावर काय लिवलंय? मला वाचता येत न्हाई."

तेजपालनं एका दमात वाचलं, "फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही." आणि लगेच म्हणाला, "ते लिहावं लागतं त्यांना. कायद्यातनं सुटायला."

"व्हय व्हय. त्यास्नी सुटायचंय..."

वस्ताद त्याच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडं बघत राहिले.

"...आणि तुला?"

तेजपालचे कान तापले. मग एकदम आवाज चढला, आणि चढता चढता ओला झाला.

"आणि उद्या हे औषध खरं ठरलं तर? मी इथं तुमचं ऐकून बसून राहिलो, आणि हेच गुणाचं निघालं तर?"

"निघू दे की. चांगलंच हाय. पोरांचं हात वाचतील."

"मग?"

"मग लढू दे त्याला. उजेडात, चार मान्सांसमोर, पंच बसवून." वस्तादांनी पिळलेली साल बाजूला टाकली. "तू कशापायी त्याचा हौदा हुतोस?"

आढ्यावर पारवे घुमत होते. तेजपालच्या खांद्यात कळ येऊन गेली.

तो म्हणाला, "...आणि मैदान?"

"जाऊ की. बगायला."

"मी? बघायला?"

"मी इतकी वर्सं बगायलाच जातुया. कडंला बसून लई झ्याक दिसतंय, गड्या. आन् शेंगा बी खायला मिळत्यात."

आता मात्र तेजपालला हसू आलं. हसताना खांदा दुखला, म्हणून त्यानं हसू आवरलं, आणि ते आवरताना आणखीच हसला. बाटली त्यानं खिशात घातली. "संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या हवाली करतो," म्हणाला. वस्तादांनी नुसती मान हलवली.

मग लिंबाचा रस मातीत पडला. वस्तादांनी पायानं माती कालवली, हातानं मऊ केली, आणि तेजपालला हौद्यात उताणं निजवलं. ओली गार माती खांद्यावर बसली तसा त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मघाचा तोरा हळूच परत आला.

"वस्ताद, एक विचारू?"

"इचार."

"तुमच्या ह्या मातीच्या चाचण्या झाल्यात?"

वस्तादांचा हात थांबला.

"न्हाई."

"सरकारनं मंजूर केलीय?"

"न्हाई बा."

"हिच्यानं शिरा सांधतात?"

"मला कुठं ठावं!"

सापडले! तेजपालनं डाव्या कोपरावर जोर दिला आणि अर्धवट उठला.

"मग लावता कशाला?"

वस्तादांनी त्याच्या कपाळावर एक बोट टेकवलं आणि त्याला हळूच पुन्हा खाली निजवलं. उठताना लेपाची कड निसटली होती, ती ओल्या तळव्यानं सारखी केली.

"वाळली की घट्ट हुती, गड्या. तू जरा का हललास, तर तडकती... मग मला दिसतं, तू गप पडून ऱ्हायलास का न्हाई."