आत्याचा पंधरावा मोहोर

डोंगरउतारावर एक दाट रान होते. तिथे एक तरणाबांड शेकरू राहत होता. शेकरू म्हणजे, मुलांनो, आपल्या अंगणातल्या खारीचा थोरला भाऊबंद. अंग तांबूस, शेपूट झुपकेदार, आणि पाय जमिनीला क्वचितच लागणारे. या झाडावरून त्या झाडावर उडी, हेच त्याचे चालणे. हा शेकरू तर उडी मारण्यात सगळ्या रानात वरचढ होता, आणि ते त्याला पक्के ठाऊक होते.

ही विद्या त्याला शिकवली त्याच्या आत्याने. आई लहानपणीच गेली, तेव्हा आत्यानेच त्याला आपल्या शेपटीखाली घेऊन वाढवले. आता आत्या म्हातारी झाली होती. दोन वर्षांपूर्वी गरुडाच्या तावडीतून सुटताना तिचा मागचा पाय दुखावला, तो पुन्हा धड झालाच नाही. तेव्हापासून ती एकाच आंब्यावर असे. शेकरू रोज सकाळी येई, एक फळ तिच्यापुढे टाकी, "बरी आहेस ना, आत्या?" असे विचारी, आणि तिचे उत्तर येईपर्यंत तिसऱ्या झाडावर पोचलेला असे.

माघ लागला आणि आंबा मोहरला. आत्याचा जन्म मोहोरातला. मोहोर मोजत मोजत शेकरू पंधरापर्यंत आला आणि हरखला. पंधरा मोहोर पाहिलेले शेकरू त्या रानात दुसरे कुणी नव्हते.

"आत्याचा वाढदिवस असा करीन," तो वानरिणीला म्हणाला, "की रान वर्षभर बोलत राहील!"

वानरीण पोक्त होती. ती म्हणाली, "छान. पण तिला काय आवडेल, ते विचारलंस का?"

"विचारलं तर मग गंमत काय राहिली? तिला आधी काही कळूच द्यायचं नाही."

शेकरूने आंब्याशेजारचे नांद्रुक निवडले. एवढे मोठे, एवढे उंच झाड आसपास नव्हते. आठ दिवस त्याला दम नव्हता. काटेसावरीची लाल फुले त्याने एकेक करून तोंडात धरून आणली आणि फांद्यांच्या बेचक्यांत खोचली. आत्याला बसायला सगळ्यांत वरच्या फांदीवर कोवळ्या पानांची गादी केली. पिकली उंबरे ढीगभर रचली. धनेश, पोपट, हळद्या, वानरांचा कळप, सगळ्यांना आमंत्रण गेले. या धांदलीत आत्याचे रोजचे फळ तीन दिवस राहूनच गेले. चौथ्या दिवशी त्याच्या ते लक्षात आले, पण तो मनाशी म्हणाला, "परवा उंबरांचा ढीगच देणार आहे तिला!"

वाढदिवसाची सकाळ उजाडली. पाहुणे जमले. नांद्रुक नवरीसारखे नटले होते. धनेशाने आपली मोठी चोच हलवून म्हटले, "वा! पुतण्या असावा तर असा." शेकरूची शेपूट फुलून दुप्पट झाली. मग धनेशाने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "पण जिचा वाढदिवस, ती कुठे आहे?"

सगळ्यांच्या माना आंब्याकडे वळल्या. आत्या तिथल्या एका फांदीवर बसून हा गलबला कुतूहलाने पाहत होती. तिच्या फांदीत आणि नांद्रुकात दहा हातांचे अंतर होते. एरवी शेकरू ते दिवसातून वीस वेळा ओलांडी. त्याने त्या पोकळीकडे पाहिले, मग आत्याच्या पायाकडे पाहिले. आठ दिवसांत ही गोष्ट त्याच्या डोक्यात एकदाही आली नव्हती.

तेव्हाच त्याने म्हणायला हवे होते, "माझी चूक झाली. चला, आपणच तिकडे जाऊ." शब्द जिभेवर आलेही होते. पण धनेश पाहत होता, पोपट आपापसांत कुजबुजत होते. आपले हसे होईल, या भीतीने शेकरूने ते शब्द गिळले आणि मोठ्याने हाक दिली, "आत्या, हे सगळं तुझ्यासाठी आहे! ये ना! मार उडी!"

आत्या म्हणाली, "मी? अरे, माझं आता..."

"एवढंसं तर अंतर! मला इथेच तर शिकवलंस तू! मार उडी, आत्या!"

पाहुण्यांना वाटले, ही हौसेचीच गोष्ट आहे. तेही ओरडू लागले, "मार उडी! मार उडी!" एकटी वानरीण गप्प होती.

आत्याने एकदा खाली पाहिले. एकदा पुतण्याच्या तोंडाकडे पाहिले. ते तोंड तिने लहानपणापासून पाहिलेले होते. त्यावरचा घाबरेपणा इतर कुणाला दिसला नाही, तिला दिसला. तिने अंग आवळले आणि उडी मारली.

दुखऱ्या पायाने दगा दिला. आत्या फांदीपर्यंत पोचलीच नाही. खालच्या एका बारीक डहाळीला तिचे पुढचे पंजे कसेबसे अडकले आणि ती लोंबकळू लागली. मागचे पाय हवेत धडपडत होते. शेकरूला सगळ्या रानातल्या उड्या येत होत्या, पण त्या क्षणी त्याला जागचे हलता येईना. वानरिणीने झेप घेतली, एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने आत्याला वर ओढले आणि आपल्या पाठीवर घेतले.

आत्या धापा टाकत होती. पंज्यातून रक्त येत होते. तरी ती फुलांकडे पाहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "किती छान सजवलंयस रे! सगळं छान आहे."

तिने त्याला एक चापट मारली असती तरी शेकरूला बरे वाटले असते. आपण आपली लाज झाकायला तिला पुढे ढकलले, आणि तिने पडता पडताही आपलीच लाज राखली! त्याला वाटले, या पानांच्या गादीखाली तोंड लपवावे.

वानरीण आत्याला पाठीवर घेऊन आंब्यावर परतली. मागोमाग शेकरूही गेला. तिला घरट्यात निजवायचे म्हणून त्याने आत डोकावले, आणि तो थिजला. घरट्याला तळच उरला नव्हता. काटक्या गळून पडल्या होत्या, भोकातून खालची जमीन दिसत होती.

"आत्या, हे कधीपासून?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष. काटक्या आणायला मला लांब जाता येत नाही ना. फांदीवरच झोपते. सवय झालीय आता."

"मला का नाही सांगितलंस?"

आत्या पंजा चाटत म्हणाली, "तू थांबायचास कुठे?"

शेकरूची मान खाली गेली. वानरीण शांतपणे म्हणाली, "आम्हा सगळ्यांना इथे येता येत होतं रे. तिथे जाता येत नव्हतं ते फक्त हिला."

शेकरू नांद्रुकावर गेला. पाहुणे अजून ताटकळत होते. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत तो म्हणाला, "आत्याला उडी मारता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी तिला हाक मारली. तुम्ही मला हसाल म्हणून." कुणी हसले नाही. पण त्या दिवशी कुणी "पुतण्या असावा तर असा" असेही म्हटले नाही. पाहुणे एकेक करून निघून गेले.

दिवसभर शेकरू ओल्या, लवचीक काटक्या तोडून आणत राहिला. घरटे विणायला बसला, तर त्याला धड येईना. तेव्हा आत्या फांदीवरूनच सांगू लागली, "आडवी नको, तिरकी घाल. हं. आता तिच्यात दुसरी अडकव." तीन वेळा उसवून चौथ्यांदा तळ पक्का झाला. ऊन कलता कलता आत्या आत शिरली, गोल फिरून बसली आणि तिने डोळे मिटले.

"आत्या, चुकलो मी," शेकरू म्हणाला.

"चुकलास खरा," आत्या म्हणाली. "आणि मीही. तुला सगळ्यांपुढे खाली बघावं लागू नये म्हणून मी जीव टांगला. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

शेकरूने विचारले, "आत्या, तुला वाढदिवसाला काय हवंय?" आणि उत्तर येईपर्यंत तो कुठेही गेला नाही.

आत्याने डोळे उघडले. "मोहोराचा वास येतोय, बघ," ती म्हणाली. "तू जरा बस इथे."

शेकरू बसला. त्याची मान अजून खालीच होती, पण तो बसला.

तात्पर्य : ज्याचा सोहळा करायचा, त्याला आधी विचारावे, आपली हौस दुसऱ्याच्या दुखऱ्या पायांवर उभी करू नये.