बाबांनी अन्न सोडलं

“आणि तोंडात बगितलंस त्याच्या?”

बिरूआप्पांनी विचारलं आणि त्र्यंबक त्यांच्याकडे बघतच राहिला. इतका वेळ आपण जे सांगितलं, ते म्हाताऱ्याच्या कानात शिरलं तरी का, अशी त्याला शंका आली.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सिद्रामबाबांना दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तरी पेज, दूध, भक्तांनी भरवलेला पेढा, सगळं घेत होते. गेले नऊ दिवस मात्र चमचा ओठांशी नेला की मान फिरवतात आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. बाबांना देह ठेवायचाय. परवा एकादशी. त्या दिवसापासून पाण्याचाही आग्रह करायचा नाही, असं मठात ठरलंय. समाधीचा दगड घडवायला दिलाय. आता थोरल्या गुरुबंधूंचा शब्द तेवढा हवा, म्हणून तो टेकडी चढून आला होता.

एकाच गुरूनं एकाच दिवशी दोघांना उपदेश दिला होता. सिद्रामबाबांच्या वाट्याला मठ आला. बिरूआप्पा जातीचे धनगर, त्यांना टेकडी आणि मेंढरंच बरी वाटली.

“मेंढरानं चारा सोडला,” आप्पा म्हणाले, “तर आमी पयलं त्याचं तोंड उगडून बगतो.”

त्र्यंबकाला हे झोंबलं. प्रवचनकार माणूस, शब्द पटकन तोंडावर यायचे.

“बाबा म्हणजे मेंढरू नव्हे, आप्पा. त्या मुखातून मला मंत्र मिळालाय. त्यात मी बोटं घालू?”

आप्पांनी दुसरंच विचारलं.

“वास येतुया?”

वास येत होता. तीन आठवडे येत होता. त्र्यंबकानं बाबांच्या खोलीतला धूप वाढवला होता, आणि तो का वाढवला, हे स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं.

आप्पांनी काठी उचलली.

“चल.”

उतरताना त्र्यंबकाला बाबांचे दात आठवले. त्याचं एक प्रवचन पंचक्रोशीत गाजलं होतं. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी बाबांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, हे तपाचं फळ आहे, असं तो सांगायचा आणि बायाबापड्या हात जोडायच्या. आता त्याला दोन गोष्टींची भीती वाटत होती. तोंडात काहीच सापडलं नाही तर बाबा खरंच चालले. आणि काही सापडलं तर… तो पुढचा विचार त्यानं केला नाही. त्याच्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठा म्हातारा पुढं निघून गेला होता.

मठात टाळ वाजत होते. दर्शनाची रांग अंगणापर्यंत आली होती. आप्पा कुणाशी बोलले नाहीत. खोलीत शिरले, दार लावलं आणि धुपाटणं उचलून खिडकीबाहेर ठेवलं.

थोड्या वेळानं वास आला. त्र्यंबकानं नाकाला उपरणं लावलं, मग लाज वाटून काढलं.

आप्पांनी मीठ घातलेलं कोमट पाणी मागितलं. जुन्या धोतराचा स्वच्छ, मऊ तुकडा मागितला. बाबांच्या पाठीशी उशा लावून त्यांना बसतं केलं, मान किंचित पुढं वाकवली. मग स्वतःचे दोन्ही हात त्र्यंबकापुढं धरले. ते थरथरत होते.

“माज्यानं हुयाचं न्हाई. तू कर. कापड पिळून घे. पानी घशाकडं गेलं तर छातीत उतरतंय.”

त्र्यंबकानं बोटाला कापड गुंडाळलं आणि ओठांजवळ नेलं. बाबांनी जबडा घट्ट मिटला. त्यांची नजर त्या बोटावर होती.

त्या नजरेत वैराग्य नव्हतं. बाबा घाबरले होते.

दोन महिने जो तो काहीतरी घेऊन त्यांच्या तोंडाशी येत होता आणि प्रत्येक जण त्यांना दुखवून जात होता. डोळ्यांतून येणाऱ्या त्या पाण्याला त्र्यंबक प्रेमाश्रू म्हणाला होता. भर सभेत म्हणाला होता.

“सिद्राम,” आप्पा म्हणाले. “म्या हाय. बिरू.”

त्यांनी बोटांच्या मागल्या बाजूनं बाबांचा गाल चोळायला सुरुवात केली. घाई केली नाही. किती तरी वेळ चोळत राहिले…

ओठ सुटले.

त्र्यंबकानं बोट आत घातलं आणि वरचे दात हलले. एक नव्हे, सगळी ओळच हलली.

“आप्पा… जबडा मोडला. माझ्या हातून जबडा मोडला.”

“खाली वढ. हळू.”

ती ओळ त्याच्या हातात आली. कवळी होती. आतल्या बाजूला पेढ्याचा काळा पडलेला लगदा चिकटला होता. मग खालची निघाली.

“म्याच संगं गेलतो बसवून घ्यायला,” आप्पा म्हणाले. “अठरा वर्सं झाली. रोज सांजच्याला दार लावून सोता काढायचा, धुवायचा.”

मग उजवा हात गेला, आणि सांगायला वाचाही उरली नाही. साठ दिवस ती कवळी कुणी काढली नाही. कोण काढणार? सगळ्यांनी त्र्यंबकाचं प्रवचन ऐकलं होतं. बाबांनी तर त्याला एकदा हसत हसत सांगितलंही होतं, की अरे, हे दात माझे नव्हेत. त्यावर या पठ्ठ्यानं तीन दिवस निरूपण केलं होतं.

त्यानं वाकून आत बघितलं. टाळू सोललेला होता. हिरडीवर एक जखम होती, खोल, पांढरी. तो मान फिरवणार होता, पण आप्पा त्याच्याकडे बघत होते.

तो पुसायला लागला. टाळू, हिरड्या, गालांच्या आतली बाजू, जीभ. कापडावर रक्त आलं. बाबा कण्हले की तो थांबे. मग तो पुन्हा कापड भिजवी, पिळी, पुन्हा पुशी. आपल्या बोटाखाली बाबांचा जीव जाईल, ही भीती त्याला एक क्षण सोडत नव्हती. दातांवाचून बाबांचा चेहरा आत गेला होता. बाबा एकदम एवढेसे झाले होते.

आप्पांनी गार केलेली पातळ पेज आणवली.

त्र्यंबकानं चमचा नेला. बाबांनी आपणहून तोंड उघडलं. गिळलं. पुन्हा उघडलं. त्र्यंबकाच्या हातून अर्धी पेज दाढीवर सांडली, तरी बाबा तोंड उघडून वाट बघत होते.

म्हणजे नऊ दिवस त्यांना भूक लागत होती. आणि दाराबाहेर आपण टाळ वाजवत होतो.

कवळी वाटीत घेऊन तो बाहेर गेला. लोक उठून उभे राहिले.

“बाबांनी अन्न सोडलेलं नाही,” तो म्हणाला. “तोंडात जखमा होत्या. मी बघितलं नाही.”

टाळ थांबले. रांगेतल्या एका बाईनं पेढ्यांचा पुडा पदराखाली घेतला.

दुपारी तालुक्याहून डॉक्टर आले. तोंडात लावायला औषध दिलं. छाती तपासताना त्यांचा चेहरा बदलला. तोंडातली घाण छातीत उतरलेली दिसते, म्हणाले, सुई देतो, पण दोन-तीन दिवस गेल्याशिवाय काही सांगता यायचं नाही.

ते गेल्यावर खोलीत बाबांच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. त्र्यंबक ती मोजल्यासारखी ऐकत होता. एक श्वास लांबला की त्याचाही अडकायचा. शेवटी त्याला ते सोसवेना. तो खाटेच्या पायथ्याशी गेला, बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडायला लागला. मठात आल्यापासून बारा वर्षांत तो असा कधी रडला नव्हता.

“आप्पा, वाचतील ना बाबा?… मला क्षमा करतील ना?”

आप्पा मिठाच्या पाण्यात नवं कापड भिजवत होते. त्यांनी ते सावकाश पिळलं आणि त्र्यंबकापुढं धरलं.

त्र्यंबकानं डोकं उचललं नाही…

“पाय बरं हायती त्याचं,” आप्पा म्हणाले. “वर सरक.”