वरच्या दालनातली अंडी

माळावर अजून माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हा तिथे वाळवीचं एक उंच वारूळ होतं. त्याची कारभारीण होती तानी.

वारुळात वारा खेळवणारे झरोके होते. गवत साठवायला जागा हवी, म्हणून वाळव्यांनी एकेक झरोका लिंपून त्याचं आपापलं कोठार केलं. कोठारं भरली, पण वारूळ तापू लागलं आणि वरच्या दालनातली अंडी सुकायला लागली. आणखी किती झरोके लिंपायचे, हे ठरवायला तानीने बैठक बोलावली.

"तोट्यापेक्षा फायदा जास्त आहे तोवर लिंपत राहू," कोठारांचा प्रमुख भिवा म्हणाला. "थोडी अंडी जातात, पण पोटं सगळ्यांची भरतात."

"फायदा खालच्यांचा आणि तोटा वरच्यांचा," दाई सगुणा म्हणाली. "मग एकातून दुसरा वजा कसा करायचा?"

तानी उठून वर गेली. तिथल्या उकाड्यात तिला श्वास घेववेना. तिने एक अंडं उचललं, तर ते भुशासारखं हलकं लागलं. प्रत्येक झरोका आपल्याच हुकमाने लिंपला गेला, हे तिला आठवलं.

खाली येऊन ती म्हणाली, "सगळ्यात नाजूक अंडं जेवढी उष्णता सोसेल, तेवढीच आपली मर्यादा. ज्यांची कोठारं मोठी, त्यांची आधी फोडून झरोके मोकळे करा. सुरुवात माझ्यापासून करा."

त्या वर्षी सगळं वारूळ अर्धपोटी राहिलं. भिवानेही कुरकुरत तेवढंच खाल्लं. वरच्या दालनात नवी पिल्लं वळवळू लागली. सुकलेली अंडी मात्र सगुणाने कितीही जपली, तरी उघडली नाहीत.